ती तोफ पॅरिसवाली नव्हे

मा. संपादक,
स. न.

रविवार पुरवणीतील पहिल्या महायुद्धातील तोफांवरचा लेख आवडला. असे विषय आपल्याकडे क्वचितच छापून येतात. मात्र ‘पॅरिसवर मारा करणारी बिग बर्था’ ही छायाचित्राखालची ओळ चुकीची आहे. मार्च १९१८ पासून सुमारे १२० किलोमीटरवरून पॅरिसवर गोळे टाकणारी तोफ वेगळी, लांब नळीची. ती रेल्वेने न्यावी लागे. बर्था ही क्रुप या जर्मन कारखान्याची ४२ सेंटिमीटर व्यासाच्या नळीची हॉवित्झर, म्हणजे गोळा उंच उडवून टाकणारी आखूड तोफ; पल्ला जेमतेम नऊ किलोमीटर. तिचे महत्त्व होते ते रस्त्याने जाण्यात.

क्रुपचीच आधीची ‘गॅमा’ सुमारे १५० टनांची, रुळांशिवाय हलत नसे. बर्था ४२ टनांच्या आसपास आणली, तिचे पाच भाग केले आणि ते मोटार ट्रॅक्टरांनी ओढले. म्हणून ती ऑगस्ट १९१४ मध्ये बेल्जियममधील लिएजच्या किल्ल्यांसमोर वेळेत पोहोचली. ऑस्ट्रियाची ३०.५ सेंटिमीटरची स्कोडा कारखान्याची तोफ तीन भागांत जाई: नळी, गाडा आणि बैठक. जोडायला सुमारे ५० मिनिटे लागत.

खरी अडचण जमिनीची. लोखंडी धावेचे अरुंद चाक मऊ मातीत रुतते; पावसाळ्यात खाजनाच्या (खाडीकाठच्या सखल शेतजमिनीच्या) बांधावर भरलेला टिपर घातलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. त्यासाठी जर्मनांनी चाकाभोवती बिजागऱ्यांनी जोडलेल्या रुंद फळ्यांचा पट्टा बसवला, म्हणजे वजन पसरते. ब्रिटिशांनी ७५ अश्वशक्तीचे होल्ट ट्रॅक्टर घेतले. ते पट्ट्यांवर चालत, वेग माणसाच्या चालीइतका.

पोहोचल्यावरचे कष्ट लेखात आलेच नाहीत. ब्रिटिशांची ९.२ इंची हॉवित्झर तीन भागांत येई, १३० किलोंचा गोळा टाकी. नळी जितकी आडवी, तितका धक्का सरळ मागे बसतो आणि गाड्याचे पुढचे टोक उचलले जाते. ते दाबून धरायला पुढे लोखंडी पेटी असे. तीत नऊ टन माती फावड्यांनी भरायची, आणि जागा बदलायची झाली की तेवढीच उपसायची! पुढच्या मॉडेलचा पल्ला वाढला, तशी माती ११ टनांवर गेली.

छायाचित्राखालच्या ओळीची दुरुस्ती छापावी, आणि या विषयावर पुन्हा लेख आलाच तर ट्रॅक्टर आणि मातीची पेटी यांचीही चित्रे द्यावीत, ही विनंती.

— तोफखान्याच्या इतिहासाचा एक अभ्यासक, फोंडा