रेडिएटरचा फॅन ‘डायरेक्ट’ करून घेऊ नका

संपादक महोदय,

उन्हाळा तापला की द्वारका चौकात, मुंबई नाक्यावर आणि कसारा घाटाच्या चढावर बोनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या दिसू लागतात. यातल्या बऱ्याच गाड्यांवर पुढे एकच इलाज होतो, तो म्हणजे इंजिनचे गरम पाणी थंड करणाऱ्या रेडिएटरचा फॅन ‘डायरेक्ट’ करणे. मूळ वायरिंग तोडायचे, बॅटरीची वायर डॅशबोर्डवरच्या बटणातून फिरवायची आणि फॅनला जोडायची. काम अर्ध्या तासाचे, गिऱ्हाईकही खूश. पण काम चुकीचे.

लहान गाडीचा फॅन चालताना साधारण 10 ते 15 अँपिअर घेतो आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या दुप्पट-तिप्पट. बॅटरी ते डॅशबोर्ड आणि तिथून परत फॅन अशी पाचेक मीटर वायर लागते. ती ‘एकची’ म्हणजे एक चौरस मिलिमीटरची असेल, तर 15 अँपिअरला सव्वा ते दीड व्होल्ट वायरीतच जिरतात. म्हणजे जवळजवळ 20 वॉट उष्णता, तीही पायाखालच्या मॅटखाली! फॅन मंद फिरतो आणि बटणाचे काँटॅक्ट जळतात. मध्ये फ्यूज नसेल (बहुधा नसतोच) आणि वायर पत्र्याला घासून सोलली गेली, तर आगीला आणखी निमित्त लागत नाही. घरगुती वायर वापरली असेल तर धोका वाढतो, कारण तिचे आवरण सहसा 70 अंशांपर्यंतचेच असते. बोनेटखाली एक्झॉस्टजवळ तापमान त्याच्या कितीतरी वर जाते.

वायरीला हात लावण्यापूर्वी फॅन खरंच दोषी आहे का, ते पाहावे. सिग्नलला तापमानाचा काटा चढतो आणि हायवेला लागल्यावर उतरतो, तेव्हा संशय फॅनवर घ्यावा. उलट हायवेवरच गाडी तापत असेल तर रेडिएटर चोंदलेला असतो किंवा पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) यांत दोष असतो. तिथे फॅनचे वायरिंग बदलून काही होणार नाही. कूलंटची, म्हणजे रेडिएटरमधल्या पाण्याची, पातळीही आधी बघावी, पण इंजिन पूर्ण गार झाल्यावरच, आणि बॅटरीची निगेटिव्ह काढून. पाणी कमी असले की थर्मो स्विचच्या (पाणी तापले की फॅन सुरू करणाऱ्या स्विचच्या) टोकाला हवा किंवा वाफच लागते, त्यामुळे इंजिन उकळत असतानाही फॅन सुरू होत नाही. मग दोष वायरिंगच्या माथी मारला जातो.

जुन्या गाड्यांत रेडिएटरवरच दोन वायरींचा थर्मो स्विच असतो. त्याचा कपलर (वायरींचा प्लग) काढून बॅटरी पुन्हा जोडावी, इग्निशन चालू करावे आणि कपलरच्या दोन्ही पिना वायरच्या तुकड्याने जोडाव्यात. फॅन फिरला तर स्विच गेला आहे. नाही फिरला तर फ्यूज, रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेल्या गाडीच्या पत्र्याशी जोड) आणि मोटर या क्रमाने बघत जावे.

नव्याने वायरिंग करायचेच असेल तर 12 व्होल्ट, 40 अँपिअरचा चार पिनांचा रिले घ्यावा. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून ‘चारची’ ऑटो वायर काढून, वीतभर अंतराच्या आत 25 अँपिअरचा फ्यूज घालून ती पिन 30 ला द्यावी. पिन 87 फॅनच्या पॉझिटिव्हला जाते. इग्निशनची लाइन 5 अँपिअरच्या फ्यूजमधून 86 ला आणि 85 थर्मो स्विचमधून अर्थला. सामान्यतः 92 अंशांना सुरू आणि 87 ला बंद होणारा स्विच पुरतो. पाच पिनांचा रिले मिळाला तर मधली 87अ मोकळी सोडावी. ती लावली तर इंजिन गार असताना फॅन फिरेल आणि तापल्यावर थांबेल. काही रिलेंमध्ये आत डायोड असतो. त्यात 85 आणि 86 उलटे जोडले की फ्यूज उडतच राहतो, आणि मग कोणीतरी त्यात मोठा फ्यूज ठोकतो. फ्यूज वायरीच्या रक्षणासाठी असतो, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात नसते.

गिऱ्हाईकाला घाटासाठी बटण हवेच असेल तर तेही देता येते. ते 85 ते अर्थ असे, थर्मो स्विचला समांतर जोडावे. मग त्या बटणातून जेमतेम 0.15 ते 0.2 अँपिअर जातो, म्हणून बारीक वायरही चालते. बटण विसरले तरी फॅन आपला आपण सुरू होतो.

अर्थकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. रंगावरच बोल्ट आवळला तर अर्थ मिळत नाही. पत्रा खरवडून दातेरी वॉशर घालावा. लग (वायरीच्या टोकाचा धातूचा तुकडा) पकडीने नीट दाबलेला असावा, नुसती वायर पिळून टेप गुंडाळलेली नको. फॅन चालू असताना फॅनची निगेटिव्ह आणि बॅटरीची निगेटिव्ह यांच्यात मल्टिमीटर लावावा. 0.2 व्होल्टच्या वर काही दिसले तर जोड परत करावा. दिशाही तपासावी. बहुतेक गाड्यांत फॅन रेडिएटरच्या मागे असतो आणि हवा इंजिनकडे ओढतो. जाळीपुढे वर्तमानपत्राचे पान धरले की ते चिकटले पाहिजे. उडून गेले तर पॉझिटिव्ह-निगेटिव्ह उलटे झाले आहेत.

एसी असलेल्या गाडीत एसी लावताच फॅन फिरायला हवा, नाहीतर कंडेन्सर (रेडिएटरपुढची एसीची जाळी) तापतो. एसीकडून येणारी लाइन तोडू नये. संगणकावर चालणाऱ्या नव्या गाड्यांत तर हे वरचे काहीच करू नये. तिथे रिलेचा अर्थ संगणक देतो. बऱ्याच मॉडेलमध्ये इंजिन चालू असताना कूलंट सेन्सरचा कपलर काढला की फॅन आपोआप सुरू होतो. झाला तर फॅन, रिले आणि फ्यूज ठीक आहेत, पुढचे काम स्कॅनरचे, म्हणजे गाडीच्या संगणकातला दोष वाचणाऱ्या यंत्राचे.

आणखी एक खोड म्हणजे तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणे. त्यावर फॅनही डायरेक्ट असेल तर निफाडकडच्या थंडीत इंजिन कधी गरमच होत नाही आणि पेट्रोल मात्र उडते.

सिंहस्थात वाहने तासन्‌तास मुंगीच्या पावलांनी सरकणार आहेत, तेव्हा फॅनचाच कस लागेल. गॅरेजवाल्यांना विनंती एवढीच की बिलावर वायरीचा आकार, फ्यूजचे अँपिअर आणि रिलेची जागा लिहून द्यावी आणि तीच चिठ्ठी बोनेटच्या आतही चिकटवावी. रात्री इगतपुरीजवळ गाडी बंद पडली तर तिथल्या मिस्त्रीला फ्यूज आणि रिले शोधत बसावे लागणार नाही.

– एक ऑटो इलेक्ट्रिशियन, सातपूर, नाशिक