ताई, शून्यसुद्धा लिहिते आहे

ताई,

स. न. वि. वि.

हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही, हे ठाऊक असूनच मराठीत लिहितेय. माझी सून तुम्हाला समोर बसवून इंग्रजीत सांगेल. थोडं गाळेल, थोडं पदरचं घालेल, तिला तेवढी सूट. तुमच्या देशात मी सहा महिने 'थँक्यू' आणि 'सॉरी' या दोन शब्दांवर काढले. पण ते दोन्ही तुमच्याकडे बसच्या ड्रायव्हरलाही म्हणतात आणि दार उघडून धरणाऱ्यालाही. तुमचे आभार मानायला ते मला पुरत नाहीत. तुम्ही वयानं मोठ्या, म्हणून ताई म्हणते.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी एवढंच सांगते, की मी निफाड तालुक्यातली, जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवून रिटायर झालेली बाई. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुनेच्या बाळंतपणासाठी नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टनला गेले. पहिले पंधरा दिवस डिंकाचे लाडू, शेक, मालिश यांत गेले. मग सून हिंडूफिरू लागली आणि मला दुपार खायला उठू लागली. मुलानं बाबागाडी हातात दिली नि म्हणाला, "आई, नदीकडे जा. रस्ता चुकायची भीती नाही, रुळाच्या कडेकडेनं चालायचं." रुळ नॉटिंगहॅम-डर्बीचे, नदी ट्रेंट, आणि दोहोंच्या मधे ती अ‍ॅटनबरोची तळी.

आपली ओळख व्हायच्या आधीच मी तुमची दुपार नासवली होती. आठवतं ना? अचानक पाऊस आला. समोर एक लाकडी खोली दिसली. मला वाटलं, आपल्याकडं एसटीची शेड असते तसलं काहीतरी. बाबागाडीनंच दार ढकललं, ते मागच्या भिंतीवर धाडकन आपटलं, नातू दचकून रडायला लागला. आत चारपाच माणसं आमच्याकडे पाठ करून, भिंतीतल्या फटींतून बाहेर बघत बसलेली. मला तर ती वर्गात शिक्षा झालेल्या पोरांसारखीच दिसली. बाहेर जवळच्या पाण्यातून बदकांचा अख्खा थवा फडफडत उठला आणि लांब जाऊन बसला. एका गृहस्थांनी असा सुस्कारा सोडला, की भाषा न येताही अर्थ कळला. मी तशीच मागं फिरणार होते. तुम्ही बाकावर सरकलात, हातानं जागा झटकलीत आणि बाबागाडीचं चाक स्वतःच्या पायानं अडवून धरलंत.

मग गळ्यातली दुर्बीण काढून माझ्या हातात दिलीत. मला काहीच दिसेना, काळ्या कडा नि माझ्याच पापण्या. तुम्ही माझ्या चष्म्याकडे बोट दाखवलंत, दुर्बिणीच्या डोळ्याकडची रबरी कड खाली वळवलीत. मग खुणेनं सांगितलंत: आधी नुसत्या डोळ्यांनी बघ, नजर तिथंच खिळव, मान हलवू नकोस, आणि आता दुर्बीण वर आण. मी तसं केलं आणि काचेत एक काळा गुबगुबीत पक्षी आला. कपाळावर पांढराशुभ्र टिळा.

"वारकरी!" मी ओरडलेच. त्या गृहस्थांनी पुन्हा सुस्कारा सोडला.

तुम्ही त्याला कूट म्हणता, टकल्या माणसाला त्याची उपमा देता. आमच्याकडं तोच पक्षी कपाळाला गोपीचंदन लावून पंढरीला निघालेला. हे मी त्या दिवशी तुम्हाला हातवारे करून सांगायला गेले, टाळ वाजवून दाखवले, आणि तुम्हाला बहुधा मी ख्रिसमसचं काहीतरी सांगतेय असं वाटलं. सुनेनं नंतर नीट सांगितल्यावर तुम्ही तुमच्या वहीत कूटसमोर 'वारकरी' असं रोमन अक्षरांत लिहून घेतलंत.

पण एक गोष्ट मी तेव्हा सांगितली नाही. हे नाव मला शिकवलं ते आमच्या वर्गातल्या चापडगावच्या एका पोरानं. बाप मासे धरायचा. 'माझे गाव' या निबंधात पोरानं लिहिलं होतं, "हिवाळ्यात आमच्या पाण्यावर खूप वारकरी येतात." मी लाल शाईनं खोडलं आणि बाजूला लिहिलं, "वारी आषाढात असते." चापडगाव म्हणजे नांदूर मध्यमेश्वर ताई, गोदावरी-कादवेच्या संगमावरचं. २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे साऱ्या जगानं महत्त्वाची मानलेली पाणथळ, म्हणून ज्याचं नाव जाहीर झालं, ते. पुण्यामुंबईचे लोक पहाटे कॅमेरे घेऊन तिथं येतात. मी एकतीस वर्षं त्या रस्त्यानं शाळेला गेले आणि एकदाही खाली उतरून पाण्याकडं बघितलं नाही.

त्यानंतर मी रोजच येऊ लागले. तुम्ही मला जे शिकवलंत ते सगळं लिहायला बसले तर कागद पुरायचा नाही. पहिलं म्हणजे, बदकांना पाव घालू नये. माझ्या हातातली शिळी पोळी तुम्ही न रागावता काढून घेतलीत आणि स्वतःच्या कोटाच्या खिशातून मूठभर ओट्स दिलेत. खिशात ओट्स घेऊन फिरणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली.

तळ्यांची कुळकथा तुम्ही सांगितलीत ती मला फार आवडली. तिथं १९२९ पासून वाळू-खडी उपसत होते. खड्डे पडले, पाण्यानं भरले, कडेनं लव्हाळं वाढलं, पक्षी आपणहून आले. १९६६ मध्ये त्याचं राखीव क्षेत्र झालं. उद्घाटनाला निसर्गपटांसाठी प्रसिद्ध असलेले डेव्हिड अ‍ॅटनबरो आले होते आणि त्यांचं आडनावही मुळात या गावावरूनच आलेलं. आमचं नांदूरही तसंच. शेतीसाठी बंधारा घातला, त्यात गाळ साठत गेला आणि गाळावर पाणथळ उभी राहिली. दोन्हीकडं माणसानं करायला घेतलं एक आणि झालं भलतंच. त्या खडीच्या खाणींमुळे तर तुमच्याकडं एक नवा पक्षीच राहायला आला, कंठेरी चिखल्या. १९३८ साली तुमच्या देशात त्याचं पहिलं घरटं ट्रिंगच्या जलाशयावर सापडलं आणि मग जिथं जिथं खडी उपसली तिथं तिथं तो पसरला, असं तुम्ही म्हणालात. आमच्याकडं तो नदीच्या वाळूत नेहमीचाच.

याच्या उलट छोट्या बगळ्याचं. नदीकाठी पांढरा बगळा दिसला की तुम्ही अजून हरखता, कारण तुमच्या तरुणपणी तो तिथं नव्हताच. इंग्लंडात त्यांनी पहिली पिल्लं काढली ती १९९६ मध्ये, डॉर्सेटकडच्या एका बेटावर. मी म्हटलं, "आमच्याकडं शेताशेतात असतात." तुमचा चेहरा जरा पडला. माझंच चुकलं.

पण आभार मानायचे ते खरं तर त्या रविवारांचे.

महिन्यातल्या ठरलेल्या एका रविवारी तुम्ही वही घेऊन तळ्यावर जाता आणि पाण्यावरचा एकूण एक पक्षी मोजता. तुमच्या देशात ही मोजणी १९४७ पासून चालू आहे म्हणालात. आम्हाला स्वातंत्र्य मिळालं त्या साली इंग्रज बदकं मोजायला बसला, असं मी मुलाला म्हटलं तर तो पोट धरून हसला. डिसेंबरात तुम्ही मलाही बरोबर घेतलंत. आधी दहा पक्षी मोजायचे, दहांचा पुंजका केवढा दिसतो ते डोळ्यात बसवायचं आणि मग तळ्यावरून दहा-दहाचे घास घेत पुढं जायचं. बुडी मारणारी जात असेल तर थांबायचं, वर येऊ द्यायचं, पुन्हा मोजायचं. बदकांतही थापट्या वेगळा, चक्रांग वेगळं, लालसरी वेगळी. तासाभरात माझ्या लक्षात आलं की ही हजेरी आहे. जन्मभर मी हेच केलंय.

आणि मग ते बिटर्नचं. बगळ्याच्याच कुळातला, वाळल्या गवताच्या रंगाचा, लव्हाळ्यात मान वर करून उभा राहिला की लव्हाळंच होऊन जातो. १९९७ मध्ये अख्ख्या ब्रिटनमध्ये त्याचे जेमतेम अकरा नर घुमताना ऐकू आले होते. नंतर लव्हाळी राखली, नवी लावली, तेव्हा कुठं पुन्हा वाढले. थंडीत तो अ‍ॅटनबरोला येतो, म्हणून तुम्ही दर मोजणीला त्या एका कोपऱ्यासमोर घड्याळ लावून बसायचात. डिसेंबरात बसलो, माझी बोटं लाकडं झाली. नाही दिसला. तुम्ही वही उघडलीत आणि त्याच्यासमोर ठळक शून्य काढलंत.

मी विचारलं, नाही दिसला तर लिहायचं कशाला? तुम्ही म्हणालात (सुनेनं फोनवरून सांगितलं ते असं): "मी इथं बसले होते, बघत होते आणि तो नव्हता, हे कुणाला कसं कळणार?"

ताई, एकतीस वर्षं मी गैरहजर पोरांपुढं खूण करत आले. शाळेत न आलेलं पोर हजेरीपटावरून गळत नाही, त्याच्या नावापुढं त्या दिवसाची खूण असते, म्हणून तर ते कधीपासून येत नाही हे कळतं. आणि हेच तुम्ही मला सांगत होता, तेही एका पक्ष्याबद्दल.

जानेवारीत ट्रेंट फुगली, पायवाटा पाण्याखाली गेल्या, तुमच्या कोपऱ्यापर्यंत पोचताच येईना. मी आपली शहाण्यासारखी म्हणाले, मग शून्य लिहा. तुम्ही जोरजोरात मान हलवलीत. ती रेघ तुम्ही कोरी ठेवलीत आणि कडेला लिहिलंत की मोजणी झाली नाही. पोर गैरहजर असणं वेगळं आणि त्या दिवशी शाळाच न भरणं वेगळं. एवढं काटेकोर हजेरीपुस्तक आमच्या केंद्रप्रमुखांनीही कधी पाहिलं नसेल.

फेब्रुवारीतली सकाळ मात्र विसरायची नाही. लांब रॅटक्लिफचे ते आठ अजस्र मनोरे, ३० सप्टेंबर २०२४ ला कायमचे थंड झालेले, ब्रिटनचं शेवटचं कोळशाचं वीजकेंद्र. अलीकडं आरशासारखं पाणी आणि त्यात तुरेवाल्या मोठ्या टिबुकल्यांची जोडी. समोरासमोर आल्या, माना झटकल्या, बुडी मारली आणि चोचीत शेवाळ घेऊन दोघी छातीला छाती लावून पाण्यावर उभ्या राहिल्या! मी नातवाला उचलून खिडकीशी धरलं. तो दुर्बिणीचा पट्टा चावत होता. बायकांच्या टोप्यांसाठी आणि पिसांच्या गळपट्ट्यांसाठी या टिबुकल्या मारून मारून संपवत आणल्या होत्या आणि त्याविरुद्ध १८८९ मध्ये मँचेस्टरात एमिली विल्यमसन यांनी बायकांचीच संघटना काढली, त्यातून पुढं तुमची एवढी मोठी पक्षिसंस्था उभी राहिली, हे तुम्ही सांगितलंत ते थर्मासमधला चहा ओतता ओतता. तुमचा चहा फिकाच असतो, हे आता लांबून लिहायला हरकत नाही.

आणि खंड्या. आधी शीळ ऐक, मग पाण्याच्या अगदी लगत बघ, असं तुम्ही शिकवलंत. शीळ आली, निळी रेघ गेली आणि समोरच्या खुंटावर ती बसली. ती, कारण खालची चोच लालसर होती, विडा खाऊन आल्यासारखी. तिनं मासा खुंटावर एकदा या अंगाला आपटला, एकदा त्या अंगाला, फिरवला आणि डोक्याकडून गिळला. हीच जात आमच्या शाळेमागच्या पाटावर असते. परत आल्यावर आठवड्यातच दिसली.

मार्चअखेरीस मी निघाले तेव्हा तुम्ही तुमची जुनी दुर्बीण माझ्या पिशवीत सारलीत. मी नको नको म्हटलं, पण तुम्हाला कळत नसल्याचं सोंग छान जमतं. तिचा पट्टा दिवाळीत तुटला. आता परकराची नाडी बांधली आहे, भक्कम आहे.

परवाच्या रविवारी चापडगावच्या पक्षी बघायच्या मनोऱ्यावर गेले होते. आमच्याकडंही जानेवारीत पाणपक्ष्यांची मोजणी होते, १९८७ पासून, हे मला तुमच्यामुळं शोधून काढावंसं वाटलं. थापटे होते, चक्रांग होती. तुमच्याकडची ती नव्हेत, ही मध्य आशिया-सैबेरियाकडून आलेली, पण चोच तीच आणि तोराही तोच. वारकरी मोजताना तीनदा चुकले. चिखलात एक कंठेरी चिखल्या पळत होता, डोळ्याभोवती सोन्याच्या तारेचं कडं. तलवार बदक मला यंदा बघायचंच होतं, पण काही दिसलं नाही. तास बसले, वहीत त्याच्यापुढं शून्य काढलं. शेजारच्या पोरानं वाकून पाहिलं नि विचारलं, "बाई, नाही तर लिहायचं कशाला?" मी त्याच्या हातात दुर्बीण दिली आणि आधी रबरी कड वर करून दिली. त्याला चष्मा नाही.

नातू आता चालायला लागलाय म्हणे आणि दिसेल त्या पक्ष्याला 'डक' म्हणतो. तुमची रोज गाठ पडते, तर एवढं करा. काळा, कपाळावर टिळा असलेला दिसला की त्याला 'वारकरी' म्हणायला लावा. तुमच्या वहीत लिहिलेलंच आहे.

आपली,
बाबागाडीवाली बाई