बंड्या, तीन टर्न की चार?

प्रिय बंड्या,

सात महिने झाले, फोन नाही, मेसेज नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढं वाच. आम्ही सगळे बरे, माझी पाठ होती तशीच.

सायलीबद्दल लिहायचंय. माझ्याकडं हातोडाफेक शिकते ती, गणपतीत बघून गेलास ना, हॅमर फिरवताना वेणी पण आडवी होते म्हणालास, तीच. दिवाळीला चार किलोचा हॅमर 47 मीटर टाकत होती, परवा 51 च्या पुढं गेला. मी टेप दोनदा ओढली. आणि तुझा झोनलचा तो थ्रो फाऊलच होता मर्दा, मरेपर्यंत म्हणणार. पोरगी नाचायला लागली आणि मला घाम फुटला, कारण फेकायच्या आधीच्या गिरक्या, टर्न, तेच, तिसऱ्याला टाच अजून उशिरा फिरते, हॅमर सोडायचा रिलीज पण तोच, मग चार मीटर आले कुठनं? कपाळभर पुटकुळ्या, आणि आवाज, भावा... फोनवर मला वाटलं तिचा भाऊच बोलतोय.

काल तिचा ग्लोव्ह उसवला म्हणून शिवायला मागितला. डाव्या हाताचा, तळव्याला वायरनं काळा पडलेला. आत बोट घातलं तर हाताला बाटली लागली, एवढीशी, लेबल खरवडून काढलेलं. "सर, ताकदीचं आहे, सगळे घेतात." कुणी दिलं ते सांगत नाही.

ती बाटली खिशात घालून रंकाळ्यावर जाऊन बसलो, अंधार पडेपर्यंत. सारखा अज्या आठवत होता, तो पण असलंच घ्यायचा. त्याच्या आईनं पायरीवर बसून विचारलेलं, पोरगं असं का करतंय रे, आणि तू माझ्याकडं बघितलंस, मी तुझ्याकडं, आणि दोघांनी चहा संपवला. म्हणून तुलाच लिहितोय, दुसऱ्या कुणाला हे सांगून कळणार नाही.

तिचे वडील दूध घालून तिचा खुराक चालवतात. नेमबाज स्वप्निल कुसाळेचं ऑलिम्पिक पदक बघितल्यापासून त्यांच्या तोंडात 2028 च्या ऑलिम्पिकशिवाय दुसरं काही नाही. मी म्हटलं, दादा, स्वप्निल पहिल्यांदा ऑलिम्पिकला गेला तेव्हा 28 वर्षांचा होता, आणि हॅमर तर त्याहून उशिरा पिकतो. पोलंडची व्लोदार्चिक 31 व्या वर्षी 82.98 मीटर टाकून गेली, 2016 ला, आणि टोकियोत 35 व्या वर्षी परत गोल्ड. सायली आत्ता 19 ची आहे. त्यांनी मान हलवली, पण ऐकलं नाही.

आपलं भांडण आठवतंय का, तू सोव्हिएत युनियनच्या सेदिखवाला, तीन टर्न, स्टुटगार्टला 1986 साली 86.74 मीटर, मी जपानच्या मुरोफुशीवाला, चार टर्न. 2004 च्या अथेन्स ऑलिम्पिकला मुरोफुशी 82.91 टाकून 28 सेंटीमीटरनं मागं राहिला आणि पुढचा हंगेरीचा आनुश डोपिंगमध्ये बाद झाल्यावर गोल्ड मिळालं, तर तू म्हणालास टेबलावरचं गोल्ड! आठवडाभर बोललो नव्हतो तुझ्याशी. आज पण राग येतो, कारण हॅमरवाल्यांत बारीकच म्हणायचा तो गडी, 99 किलोचा, आणि 36 व्या वर्षी वर्ल्ड चॅम्पियन झाला. हेच मला सायलीला सांगायचंय, पण ओरडलो तर ती ज्यानं बाटली दिली त्याच्याकडं जाणार. वडिलांना सांगितलं तर ग्राउंड बंद आणि स्थळं बघायला सुरुवात. गप्प बसलो आणि डोप टेस्टमध्ये सापडली तर बंदीत चार वर्षं गेली. औषधानं बदललेला तो आवाज तर परत पहिल्यासारखा होईल का हे डॉक्टरला विचारायला पण जीभ रेटत नाही.

तुझं काय, वहिनींच्या बदलीचं झालं का, ओमचे पेपर कसे गेले, काकींचा गुडघा? सगळं सविस्तर कळव. आणि ओमला तुझा हॅमर जाळीत अडकलेला आणि शिपाईमामा शिडी घेऊन आले ते सांगितलंस का, नाहीतर मी सांगतो.

रविवारी सायलीच्या घरी जायचं ठरवलंय. बाटली गाडीच्या डिकीत आहे, ती तिच्या वडिलांपुढं ठेवणार. तू सांगलीतनं सकाळच्या एसटीनं ये. एकटा गेलो तर परत चहा पिऊन माघारी येईन.

तुझा,
सुन्या