‘अंतर्गत बाब’ हे उत्तर भारताला शोभत नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

परदेशातील मानवी हक्कांचा विषय निघाला की आपल्याकडे दोन विधाने हमखास ऐकू येतात. पहिले असे की, ही त्या देशाची अंतर्गत बाब आहे, आपण त्यात पडू नये. दुसरे असे की, निर्बंध घालणे ही पाश्चात्त्य देशांची दादागिरी आहे आणि ती भारताच्या परंपरेत बसत नाही. म्यानमारच्या लष्कराने १ फेब्रुवारी २०२१ रोजी निवडून आलेले सरकार उलथवले, तेव्हापासून ही दोन्ही विधाने आपण इतक्या वेळा ऐकली आहेत की ती कोणी तपासूनही पाहत नाही. पहिल्याबद्दल प्रामाणिक मतभेद असू शकतात. दुसरे मात्र इतिहासाला सोडून आहे. त्या इतिहासात विदर्भातील दोन माणसांचा प्रत्यक्ष हात होता आणि त्याचा आपल्यालाच विसर पडला आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

मार्च १९४६ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्य मिळण्याच्याही आधी, हिंदुस्थान सरकारने दक्षिण आफ्रिकेशी असलेला व्यापार करार संपवण्याची नोटीस दिली आणि जुलैमध्ये त्या देशाशी आयात-निर्यात बंद केली. वर्णद्वेषाच्या कारणावरून दक्षिण आफ्रिकेवर व्यापारबंदी घालणारा जगातील पहिला देश भारत होता. नाताळ आणि ट्रान्सवाल या प्रांतांत आशियाई लोकांनी कोठे जमीन घ्यावी आणि कोठे राहावे यावर बंधने घालणारा कायदा तेव्हा होऊ घातला होता. त्या बदल्यात भारतीयांना संसदेत प्रतिनिधी देऊ केले होते, पण ते प्रतिनिधी गोरेच असले पाहिजेत अशी अट होती. तेथील भारतीयांनी हे देणे साफ नाकारले. जून १९४६ मध्ये डर्बन शहरात डॉ. युसुफ दादू आणि डॉ. नायकर यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. गोऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या एका मोकळ्या जागेवर तंबू ठोकून सत्याग्रही बसत, गोरे गुंड रात्री येऊन ते तंबू फाडत आणि मारहाण करत, तरी दुसऱ्या दिवशी नवी तुकडी तेथे हजर असे. या लढ्यात सुमारे दोन हजार लोक तुरुंगात गेले.

त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात परदेशस्थ भारतीयांचे खाते नागपूरचे डॉ. ना. भा. खरे यांच्याकडे होते आणि दक्षिण आफ्रिकेतील भारताचे उच्चायुक्त होते अमरावतीचे बॅरिस्टर रामराव देशमुख. व्यापारबंदीच्या जोडीने देशमुखांना परत बोलावून घेण्यात आले. डॉ. खरे यांचे नंतरचे राजकारण मला मुळीच पटणारे नाही. पण या एका प्रश्नावर त्यांनी घेतलेली भूमिका ठाम आणि योग्य होती, हे मान्य केलेच पाहिजे. विशेष लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, ही बंदी दिल्लीतील कोणाच्या डोक्यातून निघालेली नव्हती. दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांचे शिष्टमंडळ येथे आले होते आणि व्यापार तोडा, उच्चायुक्त परत बोलवा, संयुक्त राष्ट्रांत तक्रार करा, अशी मागणी त्यानेच केली होती. भारताला या बंदीची किंमतही मोजावी लागली. आपल्या एकूण निर्यातीचा सुमारे पाच टक्के भाग या एका निर्णयाने गेला, आणि त्यात तेथील शेतमाल भरण्यासाठी जाणारी तागाची पोती ही मोठी बाब होती. फाळणी, टंचाई आणि रिकामी तिजोरी अशा काळातही स्वतंत्र भारताने ती बंदी उठवली नाही.

त्याच वर्षी हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत गेला. भारतीय शिष्टमंडळाच्या प्रमुख विजयालक्ष्मी पंडित होत्या आणि मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती म. क. छागला त्यांच्यासोबत होते. समोर होते दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान, फील्ड मार्शल स्मट्स. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या प्रास्ताविकात मूलभूत मानवी हक्कांचा उल्लेख यावा यासाठी ज्यांनी स्वतः लेखणी चालवली होती, त्याच स्मट्स यांनी सनदेतील दुसऱ्या कलमाच्या सातव्या उपकलमाचा आधार घेऊन सांगितले की, ही आमच्या देशाची अंतर्गत बाब आहे आणि संयुक्त राष्ट्रांना तिची चर्चा करण्याचा अधिकार नाही. भारताचे म्हणणे असे होते की, ज्या सनदेवर सही करून एखादा देश मानवी हक्क पाळण्याचे वचन देतो, त्या वचनाचा भंग ही त्याची केवळ घरगुती गोष्ट राहत नाही. ८ डिसेंबर १९४६ रोजी ३२ विरुद्ध १५ मतांनी, म्हणजे आवश्यक दोन तृतीयांश बहुमताने, भारताचे म्हणणे मान्य झाले. मतदानानंतर विजयालक्ष्मीबाई स्मट्स यांच्याकडे गेल्या आणि आपल्या बोलण्यात काही कमी-जास्त झाले असेल तर क्षमा असावी, असे म्हणाल्या, कारण गांधीजींनी त्यांना तशी शिकवण देऊन पाठवले होते. आज ज्यांना ‘अंतर्गत बाब’ हा भारताचा पारंपरिक युक्तिवाद वाटतो, त्यांनी आमसभेतील हा वाद जरूर अभ्यासावा. तो युक्तिवाद प्रतिपक्षाचा होता आणि तो खोडून काढण्यात भारताने आपल्या परराष्ट्र धोरणाचे पहिले मोठे यश मिळवले होते.

या बंदीने लगेच काही साधले का? नाही साधले. दोनच वर्षांनी, १९४८ मध्ये, गोऱ्यांची नॅशनल पार्टी तेथे सत्तेवर आली आणि वर्णभेदाचे कायदे आणखी कडक झाले. एकट्या देशाने घातलेल्या निर्बंधांची मर्यादा इतकी स्पष्ट आहे. १९६० मध्ये शार्पव्हिल येथे पोलिसांच्या गोळीबारात ६९ माणसे मेली, तेव्हा कुठे जग हलले. १९६२ मध्ये आमसभेने सर्व सदस्यांना संबंध तोडण्याचे आवाहन केले, पण शस्त्रबंदी सक्तीची व्हायला १९७७ साल उजाडले. ब्रिटन आणि अमेरिका दीर्घकाळ पाय मागे ओढत राहिले. अमेरिकी काँग्रेसने १९८६ मध्ये निर्बंधांचा कायदा केला तो राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार मोडून काढून, आणि राष्ट्रकुलात राजीव गांधींसह इतर नेते निर्बंध मागत असताना मार्गारेट थॅचर शेवटपर्यंत अडून बसल्या. आपण मात्र या काळात क्रीडांगणावरही माघार घेतली नाही. १९७४ मध्ये अमृतराज बंधूंचा संघ डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला होता आणि समोर दक्षिण आफ्रिका होती. भारताने सामना खेळण्यास नकार दिला आणि चषक प्रतिस्पर्ध्याला जाऊ दिला. त्या खेळाडूंचा हा त्याग फार मोठा होता, असे मला वाटते.

शेवटी दक्षिण आफ्रिकेच्या सरकारला खरा घाम फुटला तो पैशाच्या बाजूने. १९८५ मध्ये अमेरिकेतील चेस मॅनहॅटन बँकेने कर्जांची मुदत वाढवून देण्यास नकार दिला, इतर बँकांनी तोच मार्ग धरला, रँड हे चलन कोसळले आणि सरकारला परकीय कर्जाची परतफेड थांबवावी लागली. तेलाचेही तसेच होते. दक्षिण आफ्रिकेला तेल विकण्यावरची बंदी चुकवण्यासाठी चोरवाटा निघाल्या. ‘सालेम’ नावाच्या जहाजाने डर्बनला गुपचूप कच्चे तेल उतरवले आणि पुरावा नष्ट करण्यासाठी जानेवारी १९८० मध्ये ते पश्चिम आफ्रिकेजवळ मुद्दाम बुडवण्यात आले. निर्बंध कसे फसतात याचे उदाहरण म्हणून हे प्रकरण सांगितले जाते. पण अशा प्रत्येक चोरवाटेसाठी चढा दर मोजावा लागतो आणि तो मोजता मोजता राज्यकर्त्यांना गणित परवडेनासे होते, हेही त्यातून दिसते. अर्थात निर्बंधांनीच वर्णभेद संपला, असे मी म्हणणार नाही. तो तेथील लोकांनी, त्यांच्या संपांनी आणि चळवळीने संपवला. बाहेरच्या दबावाने त्यांच्या हाताला बळ दिले. ‘निर्बंधांमुळे काळ्या मजुरांचेच हाल होतील’ असे गोरे सरकार सांगत असताना आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे अध्यक्ष अल्बर्ट लुथुली यांनी १९५९ मध्ये स्पष्ट सांगितले होते की, हाल होतील हे आम्ही जाणतो आणि ते सोसायला आम्ही तयार आहोत. हे सांगण्याचा अधिकार फक्त त्यांना होता आणि त्यांनी तो बजावला, म्हणून त्या निर्बंधांना नैतिक वजन आले.

याच्या नेमके उलट उदाहरण इराकचे आहे. ऑगस्ट १९९० मध्ये सुरक्षा परिषदेने घातलेले निर्बंध जवळजवळ सर्वच व्यापारावर होते आणि ते तेरा वर्षे चालले. इराकी जनतेने ते मागितले नव्हते. औषधांना सूट होती, पण पाणी शुद्ध करण्याची यंत्रे, पंप, सुटे भाग अशा वस्तू अडकून पडत आणि मुलांच्या आजारपणाचे मूळ तेथेच होते. सद्दाम हुसेन यांचे कुटुंब आणि पक्ष मात्र तस्करीवर गबर झाले, आणि शिधावाटप सरकारच्या हाती असल्याने लोक त्यांच्यावर अधिकच अवलंबून राहिले. बगदादमधील संयुक्त राष्ट्रांचे मदतकार्य पाहणारे डेनिस हॅलिडे यांनी १९९८ मध्ये याच कारणासाठी राजीनामा दिला. त्या अनुभवानंतरच व्यक्ती, बँक खाती आणि कंपन्या नेमकेपणाने हेरून निर्बंध घालण्याची पद्धत पुढे आली. मॉस्कोच्या तुरुंगात २००९ मध्ये मरण पावलेले रशियन करसल्लागार सर्गेई मॅग्निट्स्की यांच्या नावाने अमेरिकेने २०१२ मध्ये केलेला कायदा हा त्या पद्धतीचा सर्वांत ठळक नमुना आहे.

पाश्चात्त्य देश या साधनाचा वापर पक्षपातीपणे करतात, हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. सौदी पत्रकार जमाल खशोगी यांच्या हत्येनंतर काही अधिकाऱ्यांवर निर्बंध आले आणि सौदी युवराजांना हात लागला नाही. २०२५ मध्ये तर अमेरिकेने आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या अभियोक्त्यांवर आणि न्यायाधीशांवरच निर्बंध घातले. हक्कांच्या रक्षणासाठी घडवलेले हत्यार न्याय करणाऱ्यांवर उगारणे ही अत्यंत निंद्य गोष्ट आहे. परंतु दुसरा गैरवापर करतो म्हणून आपण जबाबदारीतून मोकळे होत नाही. १९४६ मध्येही बड्या राष्ट्रांचे वर्तन काही आदर्श नव्हते.

आता म्यानमारकडे पाहू. जून २०२१ मध्ये आमसभेने त्या देशात शस्त्रे जाऊ नयेत असे आवाहन करणारा ठराव ११९ मतांनी संमत केला, तेव्हा भारत तटस्थ राहिला. डिसेंबर २०२२ मध्ये हिंसा थांबवा आणि पदच्युत नेत्या आंग सान सू ची यांच्यासह कैद्यांना सोडा, असे सांगणारा ठराव सुरक्षा परिषदेत आला, तेव्हा भारत रशिया आणि चीन यांच्यासोबत पुन्हा तटस्थ होता. ११ एप्रिल २०२३ रोजी पाझीगी या खेड्यात जमलेल्या लोकांवर लष्कराच्या विमानांनी बॉम्ब टाकले आणि दीडशेहून अधिक माणसे मारली गेली. त्यांत लहान मुले होती. पुढच्याच महिन्यात म्यानमारमधील मानवी हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदकांनी जो अहवाल दिला, त्यात सत्तापालटानंतर म्यानमारच्या लष्कराकडे सुमारे १०० कोटी डॉलरची शस्त्रे व संबंधित सामग्री गेल्याचे नोंदवले आहे. त्यातील सुमारे ५ कोटी १० लाख डॉलरचा माल भारतातून गेला आणि पुरवठादारांत सरकारी मालकीच्या कंपन्याही होत्या. रशिया आणि चीन यांच्या तुलनेत हा आकडा लहान आहे, पण तो आपला आहे.

सीमेवरील बंडखोर गट, चीनचा वाढता शिरकाव, म्यानमारमधून ईशान्य भारताकडे वाहतुकीचा मार्ग काढणारा कलादान प्रकल्प या अडचणी मी नाकारत नाही. सोळाशे किलोमीटरहून लांब सीमा असलेल्या शेजाऱ्याशी दिल्लीला बोलावेच लागेल. म्हणूनच सरसकट व्यापारबंदीची मागणी मी करत नाही. अकोला आणि लातूरच्या डाळमिलमध्ये ज्याला ‘लेमन तूर’ म्हणतात ती तूर आणि आपल्याकडे येणारा बराचसा उडीद बर्मी शेतकऱ्याने पिकवलेला असतो. २०२१ मध्ये झालेल्या करारानुसार दरवर्षी अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर तेथून घेण्याचे ठरले होते. हा व्यापार तोडला तर इराकचीच चूक होईल आणि मार बसेल तो मागवे आणि सगाइंगमधील शेतकऱ्याला, जो आज लष्कराच्या विमानांखाली राहतो आहे. शस्त्रे, त्यांचे सुटे भाग, विमानाचे इंधन आणि लष्कराच्या कंपन्यांची बँक खाती यांची गोष्ट वेगळी आहे. ती रोखल्याने शेतकऱ्याचे काहीही बिघडत नाही, आणि म्यानमारमधील लोकशाहीवादी स्वतःच ती रोखण्याची मागणी सातत्याने करत आहेत. ते शक्य असते, हे सिंगापूरने दाखवले. प्रतिवेदकांच्या अहवालात नाव आल्यावर त्या सरकारने चौकशी केली आणि वर्षभरात तेथील कंपन्यांकडून जाणारी लष्करी सामग्री जवळपास ९० टक्क्यांनी घटली. आपल्याच देशात मिझोरामने तर निर्वासितांना परत पाठवण्याच्या केंद्राच्या सूचनेला नम्रपणे नकार देऊन त्यांना घरांत आणि चर्चमध्ये आसरा दिला.

महाराष्ट्रातून लोकसभेवर ४८ आणि राज्यसभेवर १९ सदस्य जातात. त्यांपैकी कोणीही, कोणत्याही पक्षाच्या सदस्याने, येत्या अधिवेशनात एक तारांकित प्रश्न विचारावा, अशी आपल्या दैनिकाद्वारे माझी जाहीर विनंती आहे: १ फेब्रुवारी २०२१ पासून भारतातून म्यानमारच्या लष्कराला आणि त्याच्या मालकीच्या कंपन्यांना कोणती सामग्री, कोणत्या परवान्याने आणि किती रकमेची गेली, आणि त्यातील कोणते परवाने आजही चालू आहेत?

आपला,
एक वाचक, अमरावती