चिपीचे वेळापत्रक कोण लावणार? केंद्रीय नागरी विमान वाहतूक राज्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. श्री. मुरलीधर मोहोळ,
केंद्रीय राज्यमंत्री, नागरी विमान वाहतूक, भारत सरकार

विषय : छोट्या विमानतळांवरील सेवा नियमित आणि टिकाऊ करण्याबाबत.

स. न. वि. वि.

मोहोळसाहेब, मी सिंधुदुर्गातला. एसटीच्या वाहतूक शाखेत नोकरी करून निवृत्त झालो. विमानातला मी तज्ज्ञ नाही, पण फेरी कशी बसते आणि कशी मोडते हे जन्मभर पाहिले आहे. तेवढ्याच अधिकाराने हे पत्र लिहितो.

आमच्या चिपी विमानतळाचे उद्घाटन दोनदा झाले. मार्च २०१९ मध्ये टर्मिनलचे आणि ९ ऑक्टोबर २०२१ रोजी प्रत्यक्ष विमानसेवेचे. परुळ्याच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, अडीच किलोमीटरची धावपट्टी आहे. अडीच हजार रुपयांच्या आसपास मुंबईचे तिकीट मिळू लागले, तेव्हा रात्रभर रेल्वेत बसून जाणाऱ्या माणसाला ते खरेच वाटेना. छोट्या विमानतळांच्या मार्गांना मदत देणाऱ्या केंद्राच्या ‘उडान’ योजनेची तीन वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२४ मध्ये भरली आणि ती सेवा थांबली. त्याच्या जरा आधी पुण्याचे विमान सुरू झाले होते. त्यानंतर काय चालू, काय बंद, कोणत्या वारी, किती वाजता, हे विचारले तर आमच्याकडे दहा माणसे दहा उत्तरे देतात.

तारकर्लीला माझ्या ओळखीच्या एकाचे निवास-न्याहारीचे घर आहे. त्याने फाटकावरच्या पाटीत ‘विमानतळावरून नेण्या-आणण्याची सोय’ अशी ओळ हौसेने रंगवून घेतली होती. आज त्या ओळीवरून पांढरा रंग फिरवला आहे आणि खालची निळी अक्षरे त्यातूनही दिसतात. तो म्हणाला, “पाहुण्याक सांगतलंय इमान आसा आणि त्या दिवशी नसला, तर शिव्या माका पडतत.” आता तो सगळ्यांना कुडाळ स्टेशनच सांगतो. सेवा पुन्हा सुरू झाली तरी ती ओळ पुन्हा रंगवायला तो सहजासहजी तयार होणार नाही. गेलेला भरवसा परत मिळवायला लागणारा काळ तुमच्या कुठल्याच निविदेत धरलेला नसतो.

गाडी किती भरून धावते, याला एसटीत आम्ही भारमान म्हणायचो. नवी फेरी सुरू केली की पहिले काही महिने गाडी रिकामी धावते. लोक आधी बघतात की ही रोज येते का, वेळेवर येते का. मग कोणीतरी तिच्या भरवशावर दवाखान्याची वेळ घेतो, कोणी मुलीला तालुक्याच्या कॉलेजात घालतो, आणि भारमान चढू लागते. मधेच चार दिवस गाडी आली नाही, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. विमानाच्या प्रवाशाचे वेगळे काही नाही. उलट त्याचे जास्त पैसे अडकलेले असतात, म्हणून तो जास्त लवकर पाठ फिरवतो.

हे केवळ चिपीपुरते असते तर तुम्हाला पत्र लिहिले नसते. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा ‘उडान’वरचा २०२३ चा अहवाल तुमच्या मंत्रालयाकडे आहे. तिसऱ्या टप्प्यापर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्ग सुरूच होऊ शकले नाहीत. जे ३७१ सुरू झाले, त्यांतल्या ११२ मार्गांनीच तीन वर्षे पुरी केली. आणि मदत संपल्यावर, मार्च २०२३ पर्यंत टिकून राहिलेले मार्ग फक्त ५४. म्हणजे दिलेल्यांपैकी शंभरात सात. योजनेचा हेतू मला मनापासून पटतो. २७ एप्रिल २०१७ रोजी सिमल्याहून दिल्लीला पहिले विमान उडाले, तेव्हा माझ्यासारख्यांना वाटले होते की आता आपल्याही जिल्ह्याचा नंबर लागेल. तो लागलाही. म्हणूनच पुढचे पाहून जीव तुटतो.

माझ्या मते मूळ दुखणे असे की आपल्याकडे विमानतळ पुष्कळ झाले, पण त्यांचे जाळे झालेले नाही. महाराष्ट्रच घ्या. कोल्हापूर, सोलापूर, जळगाव, गोंदिया, छत्रपती संभाजीनगर हे भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे. पुण्यात धावपट्टी हवाई दलाची आणि टर्मिनल प्राधिकरणाचे. नाशिकची हिंदुस्थान एरोनॉटिक्सची. शिर्डी आणि अमरावती राज्याच्या विमानतळ विकास कंपनीकडे. आमचे चिपी औद्योगिक विकास महामंडळाचे, पण बांधले आणि चालवले खासगी कंपनीने. मुंबई खासगी कंपनीकडे, त्यात प्राधिकरणाचा २६ टक्के हिस्सा. नवी मुंबईत सिडको भागीदार. प्रत्येक जण आपापली धावपट्टी सांभाळतो. पण कोणत्या गावाहून कोणत्या शहराला किती वाजता विमान असावे, हे ठरवणारे कोणीच नाही. ते विमान कंपनीवर सोडलेले आहे, आणि कंपनी तिच्या सोयीने ठरवणार, यात तिचा दोष नाही.

पैशाचेही तसेच. १ एप्रिल १९९५ रोजी प्राधिकरण स्थापन झाले. मोठ्या विमानतळांच्या कमाईवर छोटे विमानतळ जगायचे, ही रीत चांगली होती. एसटीतही दादर-पुण्याच्या कमाईवर आमच्या आडगावच्या तुटीच्या फेऱ्या चालल्या. २००६ मध्ये दिल्ली आणि मुंबई खासगी कंपन्यांकडे गेले. मुंबईच्या महसुलातले ३८.७ टक्के आणि दिल्लीच्या महसुलातले ४५.९९ टक्के प्राधिकरणाला द्यायचे ठरले. २०१९ च्या लिलावात आणखी सहा विमानतळ पन्नास वर्षांच्या कराराने गेले, तिथे दर प्रवाशामागे ठरावीक रक्कम मिळते. अहमदाबादसाठी ती १७७ रुपये ठरली. खासगीकरणाला माझा सरसकट विरोध नाही. मुंबईचे नवे टर्मिनल पाहून मलाही अभिमान वाटतो. पण मुंबईच्या कमाईत कोकणातल्या चाकरमान्याच्या तिकिटाचाही वाटा आहे. त्यातला रुपया चिपीच्या धावपट्टीपर्यंत यायला वाटच नाही, कारण चिपी प्राधिकरणाचे नाही.

साहेब, माझी पहिली आणि सर्वांत मोठी विनंती हीच आहे. मोठ्या विमानतळांकडून प्राधिकरणाला जे मिळते त्यातला ठरावीक भाग छोट्या विमानतळांवरची सेवा चालवण्यासाठी वेगळा काढा. इमारती बांधण्यासाठी नको. विमानतळाचा मालक कोण हे न पाहता तो द्या. कोणत्या विमानतळाला किती दिले आणि त्याबदल्यात किती विमाने आली-गेली, ते दर वर्षी जाहीर करा.

दुसरे, तीन वर्षांच्या मुदतीबद्दल. तीन वर्षे मदत आणि त्या मार्गावर एकट्याचा हक्क, मग एका तारखेला दोन्ही बंद. या रचनेत कंपनीला चौथ्या वर्षाचा विचार करण्याचे कारणच उरत नाही. मदत पायरीपायरीने उतरवा आणि ती नियमितपणाशी बांधा. ज्याने वेळापत्रक पाळले त्याला पुढची दोन वर्षे मिळावीत. ज्याने फेऱ्या गाळल्या त्याचा मार्ग दुसऱ्याला द्यावा, आणि तोही मुदत संपायच्या आधी, म्हणजे मधे खंड पडणार नाही. नॉर्वेत अव्हिनॉर ही सरकारी कंपनी चाळीसहून अधिक विमानतळ चालवते. ऑस्लोच्या कमाईवर उत्तरेतल्या आखूड धावपट्ट्या जगतात, आणि तोट्याच्या मार्गांची निविदा काढताना सरकार फेऱ्या किती, आसने किती, हेही लिहून देते. आपल्या निविदेत ‘सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता आले पाहिजे’ एवढी एक अट घालायला काय हरकत आहे?

इथे मला मुक्कामी गाडीबद्दल सांगितलेच पाहिजे. शेवटची गाडी रात्री गावात येते, चालक-वाहक तिथेच झोपतात, आणि पहाटे तीच गाडी गावातल्या लोकांना घेऊन शहराकडे निघते. खेडे आणि शहर यांच्यात एसटीने जे काही जोडले, त्यात या एका युक्तीचा वाटा फार मोठा आहे. छोट्या विमानतळांवर नेमके उलटे होते. विमान रात्री मोठ्या शहरात उभे राहते आणि त्याला सवड झाली की दुपारी आमच्याकडे येते. मुंबईत कोर्टाची तारीख, टाटात तपासणी, मंत्रालयातले काम, यांतले काहीच त्या विमानाने एका दिवसात होत नाही. कंपनीला विमान रात्री छोट्या विमानतळावर उभे करता यावे म्हणून तिथे पार्किंगची जागा, सुरक्षा, इंधन आणि साधी दुरुस्ती करणारा तंत्रज्ञ लागतो. एका टर्मिनलच्या खर्चापुढे हे काहीच नाही.

याच्याच जोडीला उपकरणे आणि टॉवरचे तास. शिर्डीला नोव्हेंबर २०१९ मध्ये दृश्यमानता कमी म्हणून विमाने दिवसच्या दिवस बंद होती. ज्या विमानतळावर केवळ नजरेच्या भरवशावर उतरायचे, तिथे पाच किलोमीटर दिसावे लागते. पावसाळ्यात कोकणच्या सड्यावर पाच किलोमीटर दिसायचे म्हणजे नशीब लागते. आणि जिथे रात्री उतरण्याची सोय नाही किंवा टॉवरची वेळ संध्याकाळी संपते, तिथे मुंबईत गर्दीमुळे विमान तासभर अडकले की इथली फेरी थेट रद्दच होते. प्रवाशाच्या मोबाइलवर संदेश येतो ‘तांत्रिक कारणास्तव’. त्याला कधीच कळत नाही की कारण एवढेच होते, अंधार पडला. नवे विमानतळ खुले करण्याआधी आहेत त्यांना दिवे, उपकरणे आणि माणसे पुरी द्या. रत्नागिरीत तटरक्षक दलाच्या धावपट्टीजवळ टर्मिनल उभे राहत आहे. तिथल्या लोकांना शुभेच्छाच आहेत, पण त्यांच्यावर आमची पाळी येऊ नये.

मोपाचा विषय टाळून चालणार नाही. जानेवारी २०२३ पासून सीमेपलीकडे गोव्याचे नवे विमानतळ चालू आहे. सावंतवाडी-दोडामार्गची माणसे तिकडे जातात आणि जाणारच. मग चिपी हवे कशाला, असे दिल्लीत कोणी विचारत असेल, तर प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की मालवण, देवगड, कणकवलीच्या माणसाला मोपा लांब पडते, आणि अडीच किलोमीटरची धावपट्टी आधीच बांधून तयार आहे. तरीही सरकारचे मत वेगळे असेल तर ते स्पष्ट सांगावे. आम्ही दुसरा मार्ग बघू. पण विमानतळ चालूही नाही आणि बंदही नाही, अशा अवस्थेत ठेवू नये. विमानतळावर भाडे मिळेल म्हणून कर्ज काढून गाडी घेतलेली पोरे आमच्याकडे आहेत. त्यांचा हप्ता दर महिन्याला येतो.

नवी मुंबईच्या विमानतळाचे ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झाले. जुन्या मुंबई विमानतळावर धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते, आणि छोट्या एटीआर विमानाला सकाळची वेळ मिळणे कठीण, ही अडचण आम्ही समजून घेत आलो. नव्या विमानतळावर वेळा आत्ता वाटल्या जात आहेत. सकाळच्या आणि संध्याकाळच्या काही वेळा राज्यातल्या छोट्या विमानतळांसाठी राखून ठेवा. एकदा मोठ्या कंपन्यांचे बस्तान बसले की मग कोणी जागा देणार नाही.

जळगावकरांसाठीही एक शब्द. मोठ्या विमानतळासोबत छोटे जोडून देण्याची सोय २०२१ च्या कायदा दुरुस्तीने झाली, आणि त्याच वर्षी जळगाव रायपूरशी बांधायचे ठरले होते. कल्पना चांगली आहे. पण असे करार होतील तेव्हा छोट्या विमानतळाचे दिवे, टॉवरचे तास आणि उतरण्याच्या शुल्कातली सवलत करारातच लिहा, नाहीतर मोठ्याची मशागत होईल आणि छोट्यावर गवत वाढेल.

२०२५ च्या अर्थसंकल्पात नव्या ‘उडान’ची घोषणा झाली : १० वर्षांत १२० नवी ठिकाणे, ४ कोटी प्रवासी. त्या आकड्यांच्या शेजारी आणखी एक आकडा दर महिन्याला छापावा, अशी शेवटची विनंती. प्रत्येक ‘उडान’ विमानतळावर ठरलेल्या फेऱ्या किती, झालेल्या किती, रद्द किती आणि का. वक्तशीरपणाची माहिती आज मोजक्या मोठ्या विमानतळांपुरती निघते. आमच्या आगारात रद्द फेऱ्यांची नोंद रोज संध्याकाळी वर जायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विभागीय कार्यालयातून फोन यायचा. त्या फोनच्या धाकाने गाड्या सुटायच्या.

आपण पुण्याचे महापौर होता, प्रवाशाचे हाल आपण जवळून पाहिले आहेत. या पत्राचे उत्तर मला व्यक्तिशः नको. चिपीच्या पुढच्या वर्षाच्या वेळापत्रकाची जबाबदारी कोणत्या एका अधिकाऱ्याची, त्याचे पद आणि कार्यालय तेवढे जाहीर व्हावे. विचारायला जायचे कुठे, हे निदान ठरलेले असेल.

कळावे,

आपला,
एक निवृत्त एसटी कर्मचारी,
जि. सिंधुदुर्ग