रुग्णालाच जाब का विचारता?

महोदय,

माझ्या थोरल्या जाऊबाईंना स्तनाचा कर्करोग झाला आहे. भेटायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न, "बाहेरचं फार खायच्या का हो?" जन्मभर ज्वारीची भाकरी अन् शेंगाचटणी खाल्लेली बाई! केस गेलेल्या डोक्यावरचा पदर सावरत मान खाली घालते. मला ते बघवत नाही.

तंबाखू, दारूने कर्करोग होतो, यात वाद नाही. मावा सोडा म्हणून सांगायलाच हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ३० ते ५० टक्के कर्करोग टाळता येतात. मग बाकीच्यांचं काय? वाढतं वय, बीआरसीए-१ सारख्या जनुकातला जन्मजात दोष, पेशी विभागताना आपोआप होणाऱ्या चुका, यांवर कुणाचा ताबा चालतो? आणि आपल्या सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायकांच्या नाकातोंडात तंबाखूची धूळ जाते, ती पोटासाठी. त्यांनाही जीवनशैलीचे धडे देणार का?

या बोलण्याच्या धास्तीनेच बायका गाठ लपवतात. जाऊबाईंनीही दिवाळी होईपर्यंत घरात कुणाला सांगितलं नव्हतं. आपल्या आरोग्य पुरवणीत 'कर्करोग कसा टाळाल' नेहमी येतं. रुग्णाशी कसं बोलावं, हेही एकदा छापा. भेटायला जरूर या, पण केमोच्या दिवशी डबा घेऊन या.

– एक वाचक, साखर पेठ, सोलापूर