पुतणीच्या मूत्रपिंडांविषयी

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

छोट्या पुतणीचे डायलिसिस थांबले, हे वाचून जीव भांड्यात पडला. बिघाड पोटात झाला असता मूत्रपिंडे का बंद पडावीत, हा तुझा प्रश्न मात्र सविस्तर उत्तर मागतो.

२०११ मध्ये उत्तर जर्मनीत रक्ती जुलाबांची मोठी साथ आली होती. मेथीच्या कच्च्या मोडांतून ई. कोलायची एक जात पोटात गेली, सुमारे ३,८०० लोक आजारी पडले, त्यांपैकी ८०० हून अधिक जणांना तुझ्या पुतणीचाच आजार, म्हणजे हीमोलिटिक युरेमिक सिंड्रोम (तांबड्या पेशी फुटून मूत्रपिंडे निकामी होण्याचा विकार) झाला आणि ५० हून अधिक माणसे दगावली. आपल्या घरोघरच्या मेथीचे नाव तिथे वाचून मी सुन्न झालो होतो.

हा जंतू सहसा आतड्यातच राहतो. रक्तात उतरते ते त्याचे शिगा विष. मूत्रपिंडातील केशवाहिन्यांच्या अस्तरपेशींवर जीबी-३ नावाचा स्निग्ध रेणू असतो, त्याला हे विष चिकटते, आत शिरते आणि प्रथिने घडवणारी यंत्रणाच बंद पाडते. पेशी मरण्याइतके विष नसले तरी तिचा स्वभाव पालटतो: एरवी रक्त गोठू न देणारे ते गुळगुळीत अस्तर व्हॉन विलेब्रँड या प्रथिनाचे लांब धागे सोडते, त्यांना प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी, चिकटतात आणि बारीक गुठळ्यांनी वाट अडते. त्यातच दाहाच्या वेळी स्रवणारे टीएनएफ हे इशारा देणारे प्रथिन अस्तरपेशींवरील जीबी-३ वाढवू शकते. शरीराने बचावासाठी दिलेला इशाराच विषाला जास्त दारे उघडून देतो, हे मला फार अस्वस्थ करते.

अशा रुग्णाच्या रक्ताची काच मी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतो, तेव्हा गुठळ्यांमधून रेटल्या गेलेल्या तांबड्या पेशी दिसतात, कुणाला शिंगे फुटलेली, कुणी शिरस्त्राणासारखी अर्धी कापलेली, आणि प्लेटलेट शोधाव्या लागतात. हे सारे बहुधा जुलाब सुरू झाल्यावर आठवडाभरात, घरची माणसे आता उतार पडला म्हणत असतानाच घडते. मूल पांढरेफटक पडते, लघवी कमी होते. तुझ्या वहिनींनी ते वेळीच ओळखले, याचे मोल मोठे आहे.

बहुतेक मुलांची मूत्रपिंडे सावरतात, तरी काहींमध्ये इजा मागे राहते. म्हणून ती खेळू-बागडू लागली तरी रक्तदाब आणि लघवीतील प्रथिने दरवर्षी न चुकता तपासून घ्यायला दादाला सांग, आणि पहिला अहवाल मला पाठव.

तुझा,
माधव